सौर पॅनेलचा उतारा आणि खोडवा



चौसाळा गटात ऊसनोंदीला फिरताना हल्ली उसापेक्षा सौर पंपाचेच प्रश्न जास्त कानी येतात. त्यात नवी भर पडली आहे : "सायेब, तिप्पट वीज देणारं पॅनेल निघालंय म्हणं, मग आत्ता घ्यावं का थांबावं?" तिप्पट वगैरे काही नाही. पण बातमीत तथ्य आहे, म्हणून हे चार शब्द.

या पदार्थाचे नाव पेरोव्हस्काइट. 1839 मध्ये रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचे हे नाव. त्याच ठेवणीचे स्फटिक आता प्रयोगशाळेत करतात. शाईसारखे द्रावण काचेवर पसरून पातळ थर देता येतो, सिलिकॉनसारखी मोठी भट्टी लागत नाही. पडलेल्या उन्हातून किती वीज निघते, तो पॅनेलचा उतारा समजा. 2009 साली जपानात मियासाका यांच्या गटाने पहिला प्रयोग केला तेव्हा हा उतारा 3.8 टक्के होता. आज तो 26 च्या वर आहे. सिलिकॉनवर हा थर चढवला, की वरचा निळा-हिरवा प्रकाश घेतो, खालचा तांबडा. उसात हरभरा घ्यावा तसेच. असा जोडघट 34 टक्क्यांपुढे गेला आहे, आणि पवईच्या आय.आय.टी.त प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने तो 30 च्या आसपास आणला आहे. शेतावरचे चांगले सिलिकॉन पॅनेल 20 ते 22 देते.

हा झाला लागणीचा ऊस. खोडव्याचे काय? को 86032 आपल्याकडे टिकली ती नुसत्या साखरेवर नव्हे, खोडवा चांगला येतो म्हणून. पेरोव्हस्काइट इथेच अडते. ओल लागली की स्फटिक विरघळू लागतो, उष्णतेने व उन्हाने त्यातले कण जागा सोडतात. पॅनेलच्या कसोटीत 85 अंश उष्णता व 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास, म्हणजे जेमतेम 42 दिवस, ठेवतात. सिलिकॉनची हमी 25 वर्षांची असते! शिवाय यात शिसे आहे. गारपिटीत काच फुटली तर ते विहिरीत उतरू नये, याची तजवीज हवी.

आता हिशेब पाहा. 5 अश्वशक्तीच्या पंपाला साधारण 5 किलोवॉटची पॅनेल लागतात. 20 टक्क्यांनी 25 चौरस मीटर, 30 टक्क्यांनी 17. वाचले किती, तर 8 चौरस मीटर. गुंठ्याचा बारावा हिस्सादेखील नाही. शहरातल्या गच्चीवर त्याचे मोल असेल, आपल्या बांधावर नाही. आपल्याला उतारा थोडा कमी चालेल, खोडवा बुडालेला चालणार नाही. रात्रीच्या लाइटीवर विंचूकाट्यात पाणी देणाऱ्याने या पॅनेलसाठी थांबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्केच भरायचे आहेत. आणि कोणी "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणून दारात आला, तर 25 वर्षांची हमी लेखी मागा; बहुधा चहा न घेताच जाईल.

संशोधकांकडेही एक मागणे आहे. पवईची हवा वेगळी, आमची वेगळी. मे महिन्यात इथे पॅनेल हात लावू देत नाही, वर धुळीचा थर, आणि जूनमध्ये एकदम पाऊस. परीक्षा घ्यायची तर इथे घ्यावी. चौसाळा गट कार्यालयाच्या छतावर दोन-चार पॅनेलपुरती जागा कारखान्याने द्यावी आणि तसे पत्र पवईला पाठवावे. रोजची नोंद ठेवायला आमचे मदतनीस तयार आहेत.

— ऊस विकास अधिकारी