सभेत देव कशाला?

निवडणुकीच्या सभेत वक्त्याने ‘पुंडलिक वरदे’चा पुकारा केला, की खुशाल समजावे, आता कांद्याचा भाव आणि कालव्याचे पाणी यांविषयी काही ऐकायला मिळणार नाही! श्रोत्यांचे हात वर गेलेले असतात. प्रश्न विचारायचा तो कोणत्या हाताने?

कोणी म्हणेल, संतांच्या भूमीत देवाचे नाव घ्यायचे नाही काय? घ्यावे की! देवळात घ्यावे, वारीत घ्यावे, फराळाचा पहिला घास उचलताना घ्यावे. धर्माच्या नावाने मत मात्र मागू नये, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदाही सांगतो. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक अशा भाषणांपायीच रद्द झाली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

अरब देशांत तर राजकीय भाषण ‘बिस्मिल्ला’नेच सुरू करण्याचा प्रघात. इजिप्तचे सादात ‘श्रद्धावंत अध्यक्ष’ म्हणवून घेत. १९७७ साली इस्रायलच्या संसदेत त्यांनी अल्लाच्या नावाने तहाची भाषा केली. १९८१ साली त्यांचा खून झाला, तो अल्लाचेच नाव घेणाऱ्यांकडून! इराकच्या सद्दामचा पक्ष निधर्मी. पण १९९१ चे युद्ध दाराशी येताच त्याने झेंड्यावर ‘अल्लाहु अकबर’ लिहविले. देव असा कोणाच्याही बाजूने बोलावता येतो, हीच तर सोय आहे.

आमच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याने या भाषेचा एक मोठा उस्ताद पाहिला आहे. मौलाना आझाद मक्केत जन्मलेले. अरबी ही त्यांच्या आईची भाषा. १९१२ साली कलकत्त्यात काढलेल्या ‘अल् हिलाल’मध्ये त्यांनी राजकारण कुराणाच्या शब्दांत मांडले आणि वाचक पेटले. १९२० साली देश सोडून जाण्याचा, हिजरतीचा, फतवा त्यांनीही दिला. हजारो गरीब घरेदारे विकून अफगाणिस्तानकडे निघाले; कित्येक वाटेत मेले, कित्येक कंगाल होऊन परतले. मौलाना येथेच राहिले. धर्माज्ञा म्हटल्यावर तिकडे राहायचे कुठे, खायचे काय, हे विचारतो कोण? तेच मौलाना १९४२ ते १९४५ या किल्ल्यात कैदेत होते. तेथे लिहिलेल्या ‘गुबारे खातिर’मध्ये चहा आहे, चिमण्या आहेत आणि देवाविषयी लिहिताना स्वतःच्या शंकाही आहेत. समोर सभा नव्हती ना!

नेवाशाला १२९० साली ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, ती लोकांना कळावी म्हणून. आमचे वक्ते त्यांचाच वारसा सांगतात आणि देवाचे नाव घेतात, ते लोकांना काही कळू नये म्हणून! पुढच्या सभेत पुकारा झाला, तर नगरकरांनी हात खालीच ठेवावेत आणि मुळा धरणाचे आवर्तन कधी सुटणार, तेवढे विचारावे.