डबा कंपनीचा, पंप कोणाचा?

भंडाऱ्याच्या माणसाला भांडं पारखायला शिकवावं लागत नाही. पितळेची गुंडी घ्यायची तर तो ती हातावर तोलेल, बोटाने वाजवेल, उलटी करून बूड बघेल आणि मगच भावाचं बोलेल. हाच माणूस गाडीचा वॉटर पंप घ्यायला जातो तेव्हा डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. ‘कंपनीचा आहे ना?’ एवढंच विचारतो. काउंटरमागून ‘हो जी’ येतं. ‘हो जी’ म्हणायला जीएसटी लागत नाही.

कोणत्या कंपनीचा? मोटार बनवणारे बहुतेक पंप स्वतः बनवत नाहीत, पुरवठादाराकडून घेतात. तोच पुरवठादार अनेकदा तसाच पंप स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो, आणि तो स्वस्त पडतो. तिसरा प्रकार म्हणजे या दोघांच्या डब्याची हुबेहूब नक्कल. तिच्या आत काय निघेल ते नशिबावर. यातला दुसरा डबा हाच शहाण्या माणसाचा पर्याय आणि नेमका तोच आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यालाही कारण आहे. कित्येक मोटार कंपन्या पुरवठादारांना सुटे भाग खुल्या बाजारात विकू देत नव्हत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला तो याच मुद्द्यावर. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असंही बजावलं. दिल्लीत आदेश निघाला, साकोलीच्या गॅरेजपर्यंत तो अजून पोचायचाय. खरा माल अडवून ठेवला की त्याची जागा नकली माल घेतो, आणि मग याच कंपन्या ‘डुप्लिकेटपासून सावधान’ असे फलक लावतात.

नागपूरकडून आपल्याला दोन गोष्टी नेमाने येतात: नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत, आणि स्पेअर पार्ट ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. दुसऱ्याची मागणी फोनवर जाते. ‘स्विफ्ट पेट्रोल, २०१० ची, वॉटर बॉडी पाठव.’ वॉटर बॉडी म्हणजे पंपच. संपली चौकशी. आता त्याच २०१० साली स्विफ्टचं १.३ लिटरचं जुनं इंजिन जाऊन १.२ चं नवं आलं. जुन्यात टायमिंग बेल्ट, नव्यात चेन. मग २०१० ची म्हणजे कोणती? चॅसिस नंबर सांगा, त्यावरून पार्ट नंबर निघतो, तो डब्यावरच्या नंबराशी ताडून बघा. सतरा अक्षरं वाचून दाखवायला किती वेळ लागतो? पण नाही. चुकीचा पंप येतो, भोकं जुळत नाहीत, आणि मिस्त्री कानस उचलतो. गडेगावला ट्रकचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या जिल्ह्यात पंप कानशीने घासून बसवला जातो, हे आपलं यंत्रज्ञान.

डबा उघडा. जुना पंप शेजारी ठेवा. इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, त्याची पाती तेवढीच उंच आहेत का, त्याच बाजूला वळलेली आहेत का? शाफ्ट हाताने फिरवा: खरखर नको, डुगडुग नको. बसायची कडा सपाट हवी, सोबत गॅस्केट किंवा ओ-रिंग हवी. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि छापील किंमत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे; नुसतं एखादं झगमगीत नाव असेल तर डबा परत सरकवा. ‘प्लास्टिकचा पंखा नको, लोखंडीच दे’ ही मर्दुमकीही पुरे झाली. चांगल्या प्रतीचं प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकतं. साध्या पाण्यात गंजून चाळणी होतो तो पत्र्याचाच पंखा.

कित्येक गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे पंपाचं बेरिंग अडकलं की बेल्ट जातो आणि त्यापाठोपाठ बऱ्याचदा वॉल्व्ह वाकतात. सगळं खोलण्याची मजुरी पंपाहून जड असते. तरी गडी पंपात चारशे रुपये वाचवतो, बेल्ट आणि टेन्शनर जुनेच ठेवतो, आणि त्याच आठवड्यात सीटकव्हर नवे घालतो. अशा माणसाची गाडी लाखनीजवळ वाफ ओकत उभी दिसली तर मला दया येत नाही.

पण पंपाचा खरा मारेकरी कॅनमध्ये असतो. बोअरचं पाणी. ‘काही होत नाही जी, आपल्याकडे बर्फ कुठं पडते, कूलंट कायले?’ कूलंट फक्त बर्फासाठी असतं हे ज्ञान कोणत्या शाळेत दिलं जातं? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अर्धं कूलंट आणि अर्धं शुद्ध पाणी घातलं की मिश्रण १०० ऐवजी १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरच्या झाकणाचा दाब हा आकडा आणखी वर नेतो. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात. पंपाच्या सीलचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर घासतात, मध्ये त्या द्रवाचा पातळ थर असतो. तिथे बोअरच्या क्षारांची कचकच गेली की सील संपलं. मग पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून गळती सुरू होते. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेल्याची खबर देण्यासाठी आणि पाणी बेरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून. आमचे काही मिस्त्री ते एम-सीलने बुजवतात! वरून थर्मोस्टॅट काढून फेकतात, ‘इथं गरजच नाही’ म्हणून. मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मालक पंपाच्या नावाने खडे फोडतो.

तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना पंप गॅरेजात सोडू नका. गंजलेली पाती म्हणजे साधं पाणी, भोकाखालचा वाळलेला डाग म्हणजे सील, हलणारा शाफ्ट म्हणजे बेरिंग. मरणाचं कारण त्याच्या अंगावरच असतं. ते वाचून झालं की हातोड्याने त्याचे दोन तुकडे करा. नाहीतर त्यात नवं किट पडेल, वरून चंदेरी रंग लागेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘कंपनीचा आहे जी’ म्हणत तोच तुमच्या हातात येईल.