समीकरणात उंदीर नव्हता
साथीचं गणित म्हटलं की आपल्याला कोविडचे आलेख आठवतात. पण या गणिताला सुरुवातीचे आकडे पुरवले ते मुंबईने. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक (हा दुसरा पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होता) यांनी आपली समीकरणं डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६मधल्या मुंबईच्या प्लेगमृत्यूंवर ताडून पाहिली. वक्ररेषा झकास बसली. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा, आणि समीकरणात उंदराचा पत्ताच नाही! शिवाय गावाची वेस बंद धरलेली. आता कर्नाटकातलं टी. नरसीपूर घ्या: तिथे कावेरी-कपिलेच्या संगमावर १९८९पासून कुंभमेळा भरतो. मग वेस कशी बंद धरणार? तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याने साथीच्या अंदाजाबद्दल विचारलंच, तर मी आलेखाआधी बसस्टँडवरचा हिशेब मागेन: माणसं कुठून आली, किती मुक्कामाला राहिली आणि कुठल्या गावी परतली.