मुक्तिनाथला निघण्याआधी
सोनौलीची सीमा ओलांडून स्वतःच्या बुलेटवर नेपाळमधलं मुक्तिनाथ गाठायचं, हा बेत पुण्या-नाशिकच्या तरुणांच्या घरांत आता सर्रास रंगतो. टायर, चेन, पेट्रोल यांचा हिशेब चोख होतो. विम्याचं मात्र ‘गाडीचा आहे ना!’ एवढ्यावर भागवलं जातं. तो विमा भारतापुरताच असतो. नेपाळसाठी भौगोलिक विस्ताराची नोंद पॉलिसीवर आधी, जादा पैसे भरून करून घ्यावी लागते. ती केली तरी तुमच्या दवाखान्याच्या खर्चाचा प्रश्न उरतोच. गाडीच्या विम्यासोबतचं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडलेल्या पायाच्या शस्त्रक्रियेसाठी नाही. मुक्तिनाथला जाणाऱ्या मुस्तांगच्या दरडींच्या रस्त्यावर कुणी जबर जखमी झालं, तर हेलिकॉप्टरनं पोखराला किंवा काठमांडूला हलवावं लागू शकतं, आणि ते बिल एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाला कर्जात लोटू शकतं. म्हणून माझं मत पक्कं आहे: वेगळा प्रवास विमा घ्याच. मात्र दुचाकी चालवताना झालेली इजा, मुक्तिनाथची ३,७०० मीटरच्या वरची उंची आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात बसतो का, याचं कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. एजंटाच्या तोंडी होकारावर निघू नका.