भीतीचे माप आणि मापाची भाषा

धान्य मापावयास पायली असते, ताप मोजावयास थर्मामीटर असतो. पण मनातील भीती मापावी कशाने? २०२० साली करोनाची साथ पसरली, तेव्हा हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्याच वर्षी सात विधानांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ७१७ इराणी नागरिकांवर ती पडताळलेली होती. प्रत्येक विधानास एक ते पाच गुण. म्हणजे बेरीज कमीत कमी ७, जास्तीत जास्त ३५. बेरीज मोठी तितकी भीती अधिक. पुढे तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

अशा भाषांतराची एक रीत आहे. एकाने भाषांतर करावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावयाचे आणि दोन्ही ताडून पाहावयाचे. नंतर लोकांकडून ते भरून घेऊन विधानांचा परस्परांशी मेळ तपासावयाचा. त्यासाठी क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला ‘अल्फा’ गुणांक वापरतात. मूळ प्रश्नावलीचा तो ०.८२ आला होता. हे सारे अवश्य करावे. परंतु अल्फा चांगला आला की भाषांतर सिद्ध झाले, ही समजूत आम्हांस मान्य नाही. सातही विधाने एका सुरात बोलतात, एवढेच त्यावरून कळते. तो सूर भीतीचाच आहे काय, हे कळत नाही.

हीच प्रश्नावली मराठीत आणावयाची म्हटली तर काय होईल पाहा. भीती, धास्ती, धसका, घोर, काळजी – यांतला शब्द कोणता घ्यावा? आपला जीव जाईल अशी भीती वाटते का, असे घरातल्या आजींना विचारा. त्या म्हणतील, “मला मेलीला काय होतंय? काळजी पोराबाळांची!” कागदावर गुण पडेल एक, आणि आजींचा रात्रभर डोळ्याला डोळा नसेल. दुसरे विधान तळहातांना घाम सुटण्याविषयीचे आहे. मे महिन्यात आमच्या बडोद्यात त्यासाठी भीतीच कशाला हवी? मराठी माणसाच्या भीतीने पोटात गोळा उठतो, हातपाय गार पडतात. शिवाय गुजरातीच्या शेजारामुळे ‘गभरामण’ही आपल्या कानांस परकी राहिलेली नाही. पुण्यात पक्के केलेले वाक्य मांडवीच्या वाड्यात त्याच अर्थाने ऐकले जाईल, असे गृहीत कसे धरावे?

याच बडोद्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ निघाला आणि राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडले गेले. कारभाराच्या शब्दांचे असे जुळते. भीतीचे जुळवावयाचे तर आधी ओसरीवर बसून दहा माणसांना विचारले पाहिजे, “या वाक्यातून तुम्हांला काय समजले?”

हा केवळ भाषेचा हट्ट नव्हे. ज्याची बेरीज मोठी, त्याच्याकडे मदतीसाठी लक्ष जाते. ज्याची लहान, तो धीराचा ठरतो. माप चुकले तर आजी धीराच्या ठरतील आणि त्यांची झोप मात्र परत येणार नाही. साथी पुन्हा येतील. तोवर निदान आपल्या बोलीत विचारलेला प्रश्न तरी आपण तयार ठेवू या.