विश्लेषण : चार केबल जोडल्या, तरी नेटवर्कचा वेग चौपट का होत नाही?

सीसीटीव्ही, व्हिडीओ बैठका आणि बॅकअपचा भार वाढला की कार्यालये, महाविद्यालये, रुग्णालये यांचे अंतर्गत नेटवर्क संथ होते. त्यावर स्वस्त उपाय म्हणून दोन स्विचमधील अनेक पोर्ट एकत्र जोडले जातात. या ‘लिंक ॲग्रिगेशन’मधून नेमके काय मिळते?

तंत्र काय आहे?

१ गिगाबिटचे चार पोर्ट एकत्र केले की स्विचला ती ४ गिगाबिटची एकच वाट दिसते. मात्र, नुसत्या चार केबल लावून भागत नाही. डेटा गोल फिरत राहू नये म्हणून ‘स्पॅनिंग ट्री’ ही यंत्रणा त्यातील तीन बंद ठेवते. त्यामुळे दोन्ही टोकांना तशी सेटिंग करावी लागते. ‘आयईईई’ने २००० मध्ये त्यासाठी ‘८०२.३एडी’ हे मानक आणले. त्यातील ‘एलएसीपी’द्वारे दोन्ही स्विच परस्परांची खात्री करून घेतात.

वेग चौपट का नाही?

टोल नाक्यावर चार मार्गिका असल्या, तरी एक ट्रक एकाच मार्गिकेतून जातो. पॅकेटचा क्रम बिघडू नये म्हणून स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता पाहून प्रत्येक संवादाला एकच केबल देतो. त्यामुळे एका संगणकावरून सर्व्हरवर जाणारी मोठी फाईल १ गिगाबिटच्या पुढे जात नाही. फायदा होतो, तो एकाच वेळी अनेक जण काम करत असताना.

केबल तुटली तर?

उरलेल्या तीन केबल काम सांभाळतात. क्षमता तेवढी घटते. पण स्विचच बंद पडला तर? त्यासाठी जोडणी दोन स्विचवर विभागतात. तीही धोक्यापासून मुक्त नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ‘गिटहब’च्या अशाच स्विचचे सॉफ्टवेअर अद्ययावत करताना सुमारे ९० सेकंद संपर्क तुटला. तेवढ्यात फाईल सर्व्हरच्या जोड्यांनी आपला जोडीदार बंद पडल्याचे गृहीत धरले आणि सेवा काही तास ठप्प झाली.

निर्णय कसा घ्यावा?

वापरकर्ते अनेक असतील, तर पोर्ट जोडणे फायद्याचे. अडचण एकाच मोठ्या बॅकअपची असेल, तर १० गिगाबिटचा पोर्ट घेणेच योग्य. आणि जोडणी झाल्यावर एक केबल मुद्दाम काढून पाहावी. नेटवर्क सुरू राहिले, तरच कंत्राटदाराचे काम पूर्ण झाले असे मानावे.