अधूनमधून होणारा बिघाड

कामरगावसारख्या गावात ध्वनियंत्रे दुरुस्त करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती ‘घरी बंद पडतं, इथे मात्र चालतं’ अशी तक्रार आली की. पूर्ण बंद पडलेल्या यंत्राचा दोष निदान समोर तरी असतो. अधूनमधून बिघडणारे यंत्र तपासणाऱ्यापुढे निर्दोष ठरते.

अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे ही दुरुस्ती नव्हे, जुगार होय. आधी बिघाडाला प्रकट व्हायला भाग पाडले पाहिजे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली, तर बहुधा आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते किंवा ती झिजलेली असते. यंत्र तापल्यावरच एक बाजू मुकी होत असेल, तर संशय सोल्डरच्या तडकलेल्या जोडावर. उष्णतेच्या प्रसरणाने तिथली बारीक फट उघडते. जाणकार हात चालू यंत्रात कोरड्या लाकडी काडीने हलकेच ठोकून ती जागा हुडकतो.

या शोधात तासन्‌तास जातात आणि सोल्डर लागते थेंबभर. मग गिऱ्हाईक विचारते, ‘बदललं काय?’ काहीच बदलले नाही म्हणून मजुरी नाकारणे आम्हाला अन्याय्य वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, हे योग्यच झाले. परंतु निदानाचे मोल ओळखणारी दृष्टी पोर्टलवर मिळत नाही. डॉक्टरांच्या तपासणीचे पैसे आपण निमूट देतो. कारागिराच्या तपासणीचे नाकारत राहिलो, तर हक्क कागदावर उरेल आणि दुरुस्त करणारा हात उरणार नाही.